भुताच्या सिनेमाला कुसुम आली होती

रवि. ४ फेब्रु. १९७३
सोनईला बाजारात गेलो होतो. तिथं दि.च्या नव्या सिनेमाचं पोस्टर. नगरला लागतोय. भुताचा आहे म्हणे. दि. म्हणजे आमचे दिग्दर्शक, माझे आणि कुसुमचे. लग्न ठरल्यावर तिच्या भावाला मध्ये बसवून त्यांचा कासारणीचा सिनेमा पाहिला, लग्नानंतर पुन्हा दोनदा. त्यातली कासारीण रागावली की गप्प बसून बांगड्या पुसते. कु. रागावली की ताटं पुसायची. मी हसायचो, मग तीही.
दिवाळीला माहेरी नगरला गेली ती आलेली नाही. तिला ह्या सिनेमाला बोलवावं. आमचं ज्यावरून कधी भांडण झालं नाही असे एक दि.च.

मंगळ. ६
दूधवाल्याबरोबर निरोप धाडला. मग आईला सांगितलं.
कु.चं म्हणणं एकच, घराला दार हवं. शिंगणापुरात! अख्ख्या गावात दार नाही, शनिदेव राखण करतोय, आणि मास्तरच्याच चौकटीला फळ्या ठोकायच्या? भाद्रपदात एका शनिवारी दर्शनाला आलेला कुणी बाप्या पाणी मागायला थेट आत आला. कु. न्हाणीतून ओल्या पातळात बाहेर येत होती. तो पाणी पिऊन गेला. तेव्हापासून तिला झोप नाही.
आई आजही तेच म्हणाली. "त्यानं काय न्हेलं का?" नाही. "मंग?"
तेव्हा मीही हेच विचारलं होतं.
उठून जाताना आई म्हणाली, "आन तिला. घर सुनं लागतंय. पर दार बसवायचं आसंल तर आदी मला गावाभाईर ठिव."

गुरु. ८
कु.चा निरोप आला. येते म्हणाली. आज पोरांना गणितं दिली नाहीत, गोष्ट सांगितली. दुष्काळानं सगळ्यांची तोंडं सुकलीत, माझंच तेवढं टवटवीत, असं हेडमास्तर म्हणाले.

रवि. ११
तीनचा खेळ. कु. वाळलीय. अबोली पातळ, माझ्याच आवडीचं. शेजारी बसली, हात हातात नाही पण कोपराला कोपर.
सिनेमा अगदी भिकार. दि.नं काढला यावर विश्वास बसेना. एकटी बाई, जुना बंगला, ती कडी लावते, कडी आपोआप निघते, लगेच वाद्यांचा गोंगाट. पुन्हा कडी, पुन्हा तेच. घरचे तिला वेडी ठरवतात. शेवटी भूत वगैरे काही नाही, इस्टेटीसाठी दिरानं केलेली करामत. माझं डोकंच फिरलं. आणि मग हसू यायला लागलं. नुसत्या एका कडीनं एवढं घाबरायचं? खाली पिटात शिट्ट्या चालल्या होत्या. मीही मोठ्यानं हसलो.
बाहेर चहा घेतला. पूर्वी सिनेमा सुटला की तिची टकळी थांबायची नाही. आज बशीत ओतलेला चहा तसाच.
म्हणाली, "वाईटच होता सिनेमा." मला बरं वाटलं. चला, एकमत झालं.
मग म्हणाली, "पण तुम्ही हसलात."
"अगं, सगळेच हसत होते."
"ते सगळे आता घरी जाऊन कडी लावणार आहेत."
घरी चल म्हणणार होतो. चहाचे पैसे देऊन स्टँडवर गेलो. एस.टी.त खिडकीकडे तोंड करून रडलो. कंडक्टरनं तिकिटासाठी दोनदा हाक मारली.

सोम. १२
दि.चा फार राग आला आहे. ह्या माणसाला बायकांच्या मनातलं कळतं असं आम्ही धरून चाललो होतो. कासारीण ज्यानं दाखवली त्यानंच ही बाई दाखवावी? नुसत्या किंकाळ्या.
पण मग कु.नं पदर मुठीत का धरला होता? मी पाहिलं होतं ते. पाहूनही पडद्याकडे बघून हसत राहिलो.

गुरु. १५
आईला विचारलं, बदली मागून नगरला बिऱ्हाड केलं तर येशील? भाकरी थापत होती. म्हणाली, "तितं कोंडून ऱ्हायाचं व्हय म्या?" थोड्या वेळानं, "तू जा. मी न्हाई आडवत." आणि मला जास्तीची भाकरी वाढली.

रवि. १८
न कळवता नगरला गेलो. बदलीचं सांगायचं ठरवून. सासऱ्यांच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. सवयीनं ढकलून सरळ आत गेलो. हाक नाही, कडी वाजवली नाही. आमच्याकडे कोण वाजवतं?
कु. एकटीच होती. पाठमोरी, केस विंचरत. माझी चाहूल लागली तशी वळली आणि भिंतीला जाऊन टेकली. ओरडलीसुद्धा नाही. मी आहे हे ओळखण्याआधीचा तिचा चेहरा मी पाहिला. क्षणभर तो बाप्या मीच होतो. दि.ला एवढ्या सिनेमात हे एकदाही दाखवता आलं नाही.
मग ओळखलं. पदर सावरला. "बसा," म्हणाली, पाणी आणायला आत गेली.
बसलो नाही. बाहेर पायरीवर जाऊन उभा राहिलो. तांब्या घेऊन ती उंबऱ्यापर्यंत आली.
"आत या की," म्हणाली.
मी पाणी प्यालो. बदलीचं अजून बोललेलो नाही.