गोष्टीतल्या बाईला काय हवंय?

म्हैसूर, रविवार

गंगक्का, नागूचा तुला वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खानावळीत आपल्यासारखी ताकातली तंबळी नसते, पण पोट भरतं. अप्पांचा खोकला कसा आहे? सुपारी सोलून झाली का?

कथालेखनाच्या वर्गात मी तुझ्यावर गोष्ट लिहिली. रागावू नकोस, नाव बदललंय. वाचून बाईंनी विचारलं, "हिला हवंय काय?"

म्हटलं, "वडिलांना वेळेवर काढा मिळावा, भावाला..."

"अगं, ते इतरांचं झालं! हिला काहीच नको? मग हे पात्र कसलं, हा तर घराचा खांब!"

सगळे हसले. मीही हसले. तेव्हापासून तोच प्रश्न मनात घोळतोय.

अक्का, तुला काय हवंय गं? कळव. फक्त "तुम्ही सुखात असा, बस्स" असं लिहू नकोस. ते मी गोष्टीत लिहिलं होतं, बाईंनी खोडलं.

वाट बघणारी,
नागू