ओंद्रेयच्या पुस्तकातले सातवे प्रकरण

मी, मालिनी ओंद्रेय कोवाल्चिक, माहेरची सोमण, वय बावन्न, राहणार ट्रॉय, मिशिगन, हे मृत्युपत्र स्वहस्ते मराठीत लिहीत आहे. वकिलांकडे इंग्रजी प्रत आहे, पण तिच्यात माझे म्हणणे मावले नाही. पोटातले दुखणे बळावले असले तरी डोके ठिकाणावर आहे. मला कोणीही भरीस घातलेले नाही.

१. राहते घर, ठेवी व दागिने माझी मुलगी सुमेधा हिला. आईची मोहनमाळ तिने मोडू नये.

२. माझे पती ओंद्रेय स्लोव्हाक पत्रकार होते. मी प्रागला रसायनशास्त्र शिकत होते, तेव्हा ते आमच्या वसतिगृहावर लेख लिहायला आले. लेख राहिला, लग्न झाले. १९६८ साली रशियन रणगाडे आले, ओंद्रेयची नोकरी गेली आणि आम्ही लहानग्या सुमेधाला घेऊन इकडे आलो. येथे मोटारींच्या कारखान्यात राबून त्यांनी आपल्या गावावर पुस्तक लिहिले. सातव्या प्रकरणात आहे ते असे : युद्धात गावातल्या ज्यू शिंप्याचे कुटुंब रेल्वेच्या डब्यात कोंबून नेले गेले, आणि त्यांचे घर ओंद्रेयच्या वडिलांनी बळकावले. ओंद्रेय त्याच घरात मोठे झाले.

इथल्या स्लोव्हाक साप्ताहिकाचे संपादक म्हणाले, तेवढे प्रकरण काढा, बाकीचे छापतो. ओंद्रेयनी नकार दिला. मग त्या मंडळींनी आमच्याशी बोलणेच टाकले. १९८४ साली ओंद्रेय गेले, तेव्हा खांदा द्यायला शेजारचे त्र्यंबकराव दातार आणि आपली मराठी माणसे होती. माझ्या मृत्यूची बातमी त्या संपादकांना कळवू नये.

३. नणंद बोझेना अजून शिंप्याच्या त्याच घरात राहते. तिने निरोप धाडला : कागद जाळून टाक, मला या गावात राहायचे आहे. सुमेधाही म्हणते, "आई, लेट इट गो." बोझेनाचा दोष नाही, तेव्हा ती पाळण्यात होती. तिचा विचार आला की माझा हात थांबतो. तरीही हस्तलिखित जाळू नये. सुमेधाने ते छापावे, सातव्या प्रकरणातला शब्दही गाळू नये, आणि पहिली प्रत विश्वासू माणसाच्या हाती बोझेनाला पोचवावी. तिला ते परक्याकडून कळू नये.

४. ओंद्रेयचा टाइपरायटर शिंप्याची मुलगी हाना हिला द्यावा, असे मी लिहिले होते. त्या कुटुंबातली ती एकटीच परत आली. ओंद्रेयनी तिला क्लीव्हलँडमध्ये शोधून काढले होते. आज ती गाडी चालवत आली. मी तिला हे सर्व इंग्रजीत सांगितले. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, हा वकिलांचा सल्लाही सांगितला. ती म्हणाली, "तर मला काही देऊ नका, मालिनी. मला साक्ष द्यायची आहे."

म्हणून हे कलम मी रद्द करते.

ट्रॉय, मिशिगन
११ ऑक्टोबर १९८७

(सही) मालिनी कोवाल्चिक

समक्ष सही करणारे :
त्र्यंबक दातार, शेजारी
हाना वाइस, क्लीव्हलँड. या मृत्युपत्रान्वये हिला काहीही मिळत नाही.