अभेद्य बचावाचे नियम

२ मार्च, रविवार
ठरलं. बचावाचे नियम नव्याने लिहायचे. आमचा टेबलावरचा खेळ तसा उत्तम. मी गोष्ट सांगतो, राक्षस माझे. बायको, मेहुणा धरून बाकी चौघे योद्धे होऊन फासे टाकतात. पण लढाई आली की फासा पडला, घाव बसला, मेला. यात डोकं कुठे आहे? आज दातांच्या डॉक्टरबाईंचा सरदार एका उंदराच्या चाव्याने गेला. बाई हसत होत्या, पण आतून दुखावल्या असणार. मला कळतं.
मेहुणा म्हणाला, एकदा गोष्ट तो सांगून बघतो. सहज म्हणाला म्हणे! ऑफिसात आठवडाभर माझं कोणी ऐकत नाही, रविवारी ऐकतात. ही खुर्ची मी सोडणार नाही.

५ मार्च, बुधवार
नियम तयार. प्रत्येकाने आधी चिठ्ठीवर गुपचूप लिहायचं: ढाल, माघार की हल्ला. हल्ला केला की ढाल खाली, म्हणजे बचाव निम्मा. शास्त्रशुद्ध. बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, मग हल्ला करायचाच कशाला? तिला लढाईतलं काय कळतंय. समजूतदारपणे हसलो. तेवढ्यात दूध उतू गेलं, तेही म्हणे माझ्यामुळेच.

६ मार्च, गुरुवार
लंचमध्ये चाचणी. दोन्ही बाजूंनी मीच खेळलो. दोघेही हुशार निघाल्यामुळे कोणालाच खरचटलं नाही. साहेबांनी विचारलं काय चाललंय. म्हटलं, रिस्क अॅनालिसिस.

९ मार्च, रविवार
मोठा दिवस. गुहेच्या तोंडाशी राक्षस. चिठ्ठ्या उघडल्या. चौघांचीही ढाल. राक्षसाचीही ढाल, कारण राक्षस मी चालवतो आणि मी मूर्ख नाही. पुढची फेरी तीच. त्यापुढची तीच. चहा झाला. शेजारच्या लांबूने विचारलं, राक्षस हल्ला कधी करणार. म्हटलं, तुम्ही केल्यावर. शेवटी बायकोच्या जादूगारणीने राक्षसाची विचारपूस सुरू केली. तब्येत, गुहेतली ओल वगैरे.
दुपारभर लढून एकालाही जखम नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला! मंडळी जरा गप्प गप्प होती. भारावली असतील.

१२ मार्च, बुधवार
किरकोळ दुरुस्ती. सारखी ढाल धरली तर हात भरून येणार. त्यासाठी दमणुकीचा तक्ता. कुठला तक्ता कधी बघायचा, त्याचाही एक तक्ता. आता खेळ पळेल.

१६ मार्च, रविवार
पळाला नाही. खेळाडू पळाले. हात भरून येण्याआधीच सगळे माघार लिहायला लागले. राक्षसानेही लिहिली. दोन्ही पक्ष मागे सरकत इतके लांब गेले की गुहा ओस पडली. डॉक्टरबाईंना तातडीचा पेशंट आला. रविवारी! लांबू खुर्चीतच घोरायला लागला. मेहुण्याने विचारलं, पुढचा रविवार मी घेऊ का. म्हटलं, खुशाल घे. माझ्या नियमांची किंमत त्याशिवाय कळायची नाही.

२३ मार्च, रविवार
खेळायला बसलो नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. खेळ आमच्याच घरी, त्यामुळे तत्त्व बेडरूममध्ये बसून पाळावं लागलं. मेहुण्याचे नियम दाराआडून ऐकले. एक फासा, लागला तर लागला. निव्वळ रानटीपणा. डॉक्टरबाई पुन्हा मेल्या आणि टाळ्या पिटत होत्या. लांबू चक्क ओरडत होता. माणसं किती खोटं हसतात! पाणी प्यायला दोनदा बाहेर गेलो. कोणी वर बघितलं नाही. वाईट वाटलं. त्यांच्यासाठी.

३० मार्च, रविवार
बायको म्हणाली, तुझ्यासाठी एक पात्र ठेवलंय. मशाल धरणारा हमाल. केवळ निरीक्षण म्हणून बसलो. जंगलात शिरतो न शिरतो तोच रानडुक्कर अंगावर. ढाल मागितली. मेहुणा म्हणाला, हमालाला ढाल नसते, दाजींनी काय करायचं ते पटकन सांगावं. सगळे माझ्याकडे बघत होते. घाबरलो. एवढे नियम लिहिले, पण असा कधी घाबरलो नव्हतो. दिली मशाल ठेवून डुकराच्या नाकावर!
फासा पडला एक. मेलो.
लांबू टेबल बडवत हसला. डॉक्टरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मीही पोट धरून हसलो, का ते ठाऊक नाही.
सगळे निघताना मेहुण्याला बाजूला घेऊन विचारलं, पुढच्या रविवारी आणखी एखादा हमाल लागेल का.
म्हणाला, बघतो.