दगड न लावता उभी

प्रिय दादा,

म्हातारी आता उतारावर दगड न लावता उभी राहते.

पत्राची सुरुवात गाडीपासून केली म्हणून हसशील. “मास्तरीणबाई, आधी माणसांचं सांगा,” म्हणशील. तर माणसं बरी आहेत. आईचा गुडघा कुरकुरतो, आणि आई त्याहून जास्त. बाबा पुन्हा रंगाची कामं घेतात, पण शिडीवरची नाही. दारं, खिडक्या, कुंपणं. चालताना उजवा पाय अजून जरा मागे राहतो. गाडीला मात्र तू गेल्यापासून चार वर्षं कुणी हात लावला नव्हता. अंगणात ताडपत्रीखाली झोपून होती. नोकरीतली पहिली मोठी सुट्टी मिळाली आणि मी ताडपत्री ओढली. आई म्हणाली, “बाई गं, शिकलीस ते हात काळे करायला?” मी म्हटलं, “हो, त्यासाठीच.”

जुने ब्रेक नुसते दुरुस्त करून भागणार नव्हतं. ते मुळातच दुबळे होते, तुला ठाऊक आहे. म्हणून भंगारवाल्या काकांकडे गेले. तिथं गाड्या गुडघाभर गवतात पडलेल्या असतात. काचा नसलेल्या खिडक्यांतून ऊन आरपार जातं, एखाद्या स्टिअरिंगच्या मागे पाखरानं घरटं बांधलेलं असतं. मी तिथं झोपेत चालल्यासारखी फिरायचे. वाटायचं, या सगळ्या आपापल्या प्रवासाची स्वप्नं बघत पडल्यात आणि प्रत्येकीकडं आपल्या म्हातारीला द्यायला काहीतरी आहे. पुढच्या चाकांच्या डिस्क आणि त्यांना चिमटीत धरणारे कॅलिपर मिळाले त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचे. पण मोठ्या कॅलिपरला तेल जास्त लागतं, आणि पेडल दाबल्यावर तेल पुढं ढकलणारा आपला जुना मास्टर सिलिंडर तेवढं ढकलू शकत नाही, पेडल खाली बसतं. तो घेतला एका व्हॅनचा. मागच्या चाकांचे ब्रेकचे ड्रम एका टॅक्सीचे, ज्यांचा हँडब्रेक घट्ट धरतो. पॅड, नळ्या आणि रबर तेवढं सगळं कोरं. काका म्हणाले, “डोकं एकाचं, धड दुसऱ्याचं, पाय तिसऱ्याचे! चालणार का गं ही?” मी म्हटलं, “चालायचं नंतर बघू काका, आधी थांबू दे.”

कॅलिपर बसवायच्या पट्ट्या लेथवाल्यानं तीनदा केल्या. पहिल्यांदा सूतभर चुकल्या. “डिग्री आहे ना तुझ्याकडं? मग माप तरी नीट आण,” म्हणाला. चूक माझीच होती, म्हणून पुन्हा माप घेऊन आले. माझ्या कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या सरांनी सगळं तपासून मान डोलावली, तेव्हा मला रडू आलं. वेगवेगळ्या घरांतून आलेल्या वस्तू एकमेकींना धरून राहू शकतात, यावर माझा वेड्यासारखा विश्वास आहे. मग एका घरातली माणसं का नाही?

त्या दुपारची आठवण तुला करून द्यायला नको, तरी मला एकदा लिहायचं आहे. तू गाडी दारासमोर उतारावर लावलीस. हँडब्रेकवर आपला कुणाचाच भरवसा नव्हता आणि गिअरमध्ये ठेवायची सवयही नव्हती, म्हणून तू नेहमीसारखा तो काळा चपटा दगड चाकापुढं सरकवलास आणि जेवायला आत गेलास. थोड्या वेळानं मी गच्चीवरून पाहिलं, गाडी हलली होती. आवाज नाही, घाई नाही. कुणीतरी न दिसणारं माणूस तिला फिरायला घेऊन निघालंय, असं वाटलं. हे स्वप्न आहे, ओरडलं तर जाग येईल, म्हणून मी ओरडलेच नाही. खाली कोपऱ्यावरच्या घराला रंग देत बाबा शिडीवर उभे होते.

दवाखान्यात बाबांनी विचारलं, “दगड लावला होतास?” तू म्हणालास, “लावला होता बाबा, शप्पथ.” सगळ्या गल्लीनं शोधला, दगड कुठंच सापडला नाही. “पाय मोडला त्याचं काही नाही, पण तोंडावर खोटं?” बाबा म्हणाले. महिन्याभरात तू बॅग भरलीस.

गेल्या रविवारी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची होती. त्याला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी नट सैल करून तेलाबरोबर बुडबुडे बाहेर जाऊ द्यायचे. आईचा गुडघा दुखत होता, म्हणून बाबा आले. चार वर्षांनी ते त्या सीटवर बसले. “दाबा… धरा… सोडा,” मी खालून सांगत होते आणि ते त्या मोडलेल्या पायानं दाबत होते. मी जमिनीवर आडवी होते, मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून धीर झाला. शेवटच्या चाकाला मी म्हटलं, “धरून ठेवा बाबा,” आणि सांगून टाकलं.

दादा, दगड माझ्याकडं होता. त्या दिवशी वारा होता, माझ्या परीक्षेचे कागद गच्चीभर उडत होते. तू जेवत असताना मी खाली आले आणि दहा मिनिटांत परत ठेवीन म्हणून दगड उचलून नेला. नंतर तो पेटीत लपवला, वसतिगृहातसुद्धा नेला. आईनं माझी पदवी चौकटीत लावली आहे, घरातली पहिली. मला त्या कागदावर अजून तो दगडच दिसतो. बाबांनी पेडल धरूनच ठेवलं होतं. मग हळूच म्हणाले, “आता सोडू का?” मी म्हटलं, “सोडा.” संध्याकाळी त्यांनी दगड मागून घेतला, धुतला आणि तुझ्या खोलीच्या खिडकीत ठेवला. “त्याला लिही,” म्हणाले. “लिही, की बाप चुकला. आणि ही गाडी पहिल्यांदा तोच चालवत उतारावरून नेईल, दुसऱ्या कुणी स्टिअरिंगला हात लावायचा नाही.” माफी मी कागदावर मागत नाही. तू ये, माझ्या तोंडावर हव्या तेवढ्या शिव्या दे, मग मागेन. किल्ली तुझ्याच खिळ्याला लावली आहे.

तुझीच, अजून गच्चीवर उभी असलेली,
मास्तरीणबाई