टाकीत उतरणारी

सोमवार, संध्याकाळ. चिखलोली.

दोनदा आंघोळ केली, तरी हाताचा वास जात नाही. कंपनीची सांडपाण्याची टाकी आज पुन्हा मीच साफ करून घेतली, कामगारांबरोबर आत उतरून. बीएस्सी केमिस्ट्री झालेली मी, चार वर्षं हेच करतेय. पाटकरसाहेब म्हणाले होते, "खालचं काम शिकून घे, लॅबची इन्चार्ज तूच होणार."

आज ती जागा नवीन आलेल्या मुलीला दिली. मी तशीच केबिनमध्ये गेले. साहेब म्हणाले, "अगं, तुला वर घेतलं तर टाकीचं कोण बघणार? तुझ्यासारखं काम दुसरं कुणी करतच नाही."

म्हणजे काम चांगलं केलं, हीच चूक?

जेवताना आईनं विचारलं, "झालं का गं प्रमोशन?" हाताच्या वासानं घास गिळवत नव्हता. "पुढच्या महिन्यात," म्हटलं. खोटं.

पण खरी टोचणी वेगळीच आहे. केबिनमधून निघताना साहेबांनी विचारलं, "गुरुवारी दुसरी टाकी करशील ना?" राजीनामा देते, असं तोंडाशी आलं होतं. आणि मी, लिहायलाही लाज वाटते, त्यांचं वाक्य संपायच्या आत "हो सर" म्हणाले.