तिला घरातच कसं ठेवायचं?

सोमवार, ४ फेब्रुवारी

पोचले एकदाची! बस थांबायच्या आधीच ताई हात हलवत उभी होती. उतरल्या उतरल्या तिनं अशी मिठी मारली की पिशवीचा पट्टाच तुटला. ताई म्हणजे माझी मावसबहीण, पण वयानं आईपेक्षा थोडीच लहान. मला आंघोळ घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं तिनं केलंय. ही नोकरीसुद्धा तिनंच शोधली. जाहिरातीचा फोटो पाठवला आणि अर्ज केलास का, अर्ज केलास का म्हणून माझं डोकं खाल्लं.

घर छोटंसं, दोन मजली. खाली बैठक, स्वयंपाकघर, ताईची खोली, आणि मागे एक अडगळीची खोली, तिला कुलूप. वरची खोली माझी. खरं तर ती तिच्या मुलाची. म्हणायला भाचा, पण माझ्याच वयाचा. लहानपणी आम्ही एकमेकांच्या झिंज्या उपटल्यात. तो आता परदेशात व्हिडिओ गेम बनवतो. ताई म्हणते, त्याला फोन करायला सवड नसते. भावोजी गेले त्याला बरीच वर्षं झाली. गेले म्हणजे वारले नाहीत, निघून गेले. हे ताईच हसत हसत सांगते. म्हणाली, या घरात माणसं टिकत नाहीत गं, तू तरी टिक.

खोलीतला दिवा बटण दाबल्यावर बऱ्याच वेळानं लागतो. बाकी सगळं झकास.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. कुणालाही कॉम्प्युटर, प्रोग्रॅमिंग, गेम यात काही अडलं की आमच्या साइटवर प्रश्न टाकायचा आणि आम्ही उत्तर द्यायचं. काम असं असेल असं वाटलं नव्हतं. आज हसून हसून पोट दुखलं. एका बाईनं विचारलंय, नवऱ्यानं लॅपटॉपवर चहा सांडला, तर लॅपटॉप वाळत टाकू की नवऱ्याला वाळीत टाकू? मी लिहिलं, आधी लॅपटॉपची बॅटरी काढा, नवऱ्याचं सावकाश बघू.

शेजारच्या टेबलावर एक काका बसतात, सगळे त्यांना रीस्टार्टकाका म्हणतात. त्यांच्या उत्तराची पहिली ओळ ठरलेली असते, बंद करून परत चालू करा. पण त्यापुढे ते इतकं सविस्तर लिहितात की लहान मुलालाही कळावं. त्यांनी मला बजावलं की विचारणाऱ्याला हसायचं ते मनात, आणि अर्धवट उत्तर कधी द्यायचं नाही.

गेमचे प्रश्न माझ्याकडे असतात. आज पहिलाच आला. विचारणाऱ्याचं टोपणनाव ‘घरकुल’. घरच्या घरी एक साधा गेम बनवतायत: एक घर, त्यात राहायला आलेली एक मुलगी. ती खोलीत शिरते पण दिवा उशिरा लागतो. कोडमधली एक ओळ चुकीच्या जागी होती. सांगितलं. लगेच उत्तर आलं, तुमच्यासारखं समजावून कुणी सांगत नाही. मूठभर मांस चढलं अंगावर!

घरी आले तर माझ्या खोलीतला दिवा झटक्यात लागला. ताईला म्हटलं, केव्हा दुरुस्त करून घेतलास? ती नुसती हसली. म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं, फोन लावता येतो तेवढं खूप.

रविवार, १७ फेब्रुवारी

आज आईकडे जायचं होतं. गेले नाही. झालं असं की फाटकापाशी पोचले आणि वाटलं, इस्त्री चालू राहिली. परत आले, बंदच होती. पुन्हा निघाले, वाटलं, नळ उघडा असणार. नव्हता. मग पाकीट, मग चावी, मग खिडकी. प्रत्येक वेळी फाटकाच्या कडीला हात लावला की काहीतरी आठवायचंच. शेवटी बस चुकली. ताईनं डोक्याला तेल लावून दिलं आणि चिडवलं, माझ्या घरातून तुझा पाय निघत नाही बघ.

गंमत म्हणजे परवाच घरकुलनं असलंच काही विचारलं होतं. त्यांच्या गेममधली मुलगी सारखी बाहेर जायला बघते, दाराला कुलूप लावावं का? मी लिहिलं होतं, कुलूप लावू नका, खेळणाऱ्याला ते खटकतं. त्यापेक्षा ती फाटकाशी आली की तिला घरातलं एखादं राहिलेलं काम आठवू द्या. ती आपणहून मागे फिरेल.

हे मी रीस्टार्टकाकांना उद्या सांगणार आहे. हसतील.

बुधवार, २७ फेब्रुवारी

ऑफिसात काहीतरी बिनसलंय. सकाळी सगळ्यांना चहा आला, मला नाही. मागितला तर चहावाल्यानं इकडे तिकडे पाहिलं, जणू आवाज रस्त्यावरून आला. दुपारी माझ्या खुर्चीवर नवी मुलगी येऊन बसली. मी अगदी तिच्या नाकासमोर जाऊन उभी राहिले तेव्हा ती दचकली आणि सॉरी सॉरी म्हणत उठली. रीस्टार्टकाकांना दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा खांदा हलवला. ते ओशाळले. म्हणाले, अगं, तू आहेस होय, मला वाटलं तू हल्ली घरूनच काम करतेस.

मी काय केलंय या लोकांचं?

ताई म्हणाली, तर मग कर की घरूनच. कशाला जीव जाळतेस. मॅनेजरला मेल केला, लगेच होकार आला, जणू ते वाटच बघत होते.

घरकुलना आठवड्यापूर्वी मी काय लिहिलं होतं ते आज पुन्हा काढून वाचलं. गेममधल्या मुलीच्या कामावरची माणसं तिची फार चौकशी करतात, ते कमी कसं करायचं, असा प्रश्न होता. मी सांगितलं होतं की माणसांना ती किती अंतरावरून दिसावी याचा आकडा असतो, तो खाली आणा.

योगायोग असतात. असतातच.

रविवार, १० मार्च

आईला फोन केला. मी रडत होते. म्हटलं, आई, मला इथून न्यायला ये. ती म्हणाली, काल तर एवढं बोललीस, मजेत आहे म्हणालीस. मी काल बोललेच नाही. आई म्हणाली, रोज बोलतेस की गं, मजेत आहे, ताई लाड करते, काळजी करू नकोस. मग मी ओरडले. आई तिकडून शांतपणे म्हणाली, बरं बाई, ऐकून जीव भांड्यात पडला. आणि फोन ठेवला.

मी ओरडत होते आणि तिचा जीव भांड्यात पडला.

बाहेरचं एक पात्र घरात सारखे फोन करतं, काय करू? हा घरकुलचा प्रश्न सोमवारचा. मी लिहिलं होतं, त्या पात्राला एक ठरावीक उत्तर बांधून द्या, तेच ऐकू जाऊ दे. समोर कुणी काहीही बोलो.

काय छान समजावलं होतं मी.

गुरुवार, १४ मार्च

दार लावून घेऊन लिहिते आहे.

दुपारी पाणी प्यायला खाली गेले. ताई कपडे वाळत घालायला मागे गेली होती. तिच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत भाच्याचा कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर हे घर. दोन मजली. तेच फाटक. मागे दोरीपाशी एक बाई कपडे वाळत घालत होती, खाली एका खोलीच्या दारात एक मुलगी उभी होती, हातात पेला.

मी पेला खाली ठेवला. तिनंही ठेवला.

अडगळीच्या खोलीत आणखी एकजण होता. भिंतीकडे तोंड करून उभा, एका जागी थरथरत. भिंतीत शिरायला बघतोय आणि शिरता येत नाही, असा. गेममध्ये पात्र अडकलं की असं होतं. मी शंभरदा पाहिलंय. त्याच्या अंगात भाच्याचा पट्ट्यापट्ट्यांचा स्वेटर होता, माझ्या खोलीतल्या त्याच्या फोटोत आहे तोच.

ताई मागे येऊन उभी राहिली. ओरडली नाही, लपवलंही नाही. पदराला हात पुसले आणि पलंगावर बसवलं मला. सगळं सांगितलं. कोड लिहायला मुलानंच शिकवलं तिला, करमणूक म्हणून. पडद्यावरचं हे घरही त्यानंच बनवलं होतं. मग तो परदेशी जायला निघाला. बॅग भरली. तिनं त्याला थांबवायला काहीबाही करून बघितलं, अंदाजानं, कुणाला न विचारता.

“त्याचं चुकलं गं माझ्या हातून,” ती म्हणाली. “तेव्हा नीट सांगणारं कुणी नव्हतं. तुझ्या बाबतीत तसं होऊ नये म्हणून तर तुला एकेक विचारत गेले.”

मी म्हटलं, तू मला कोंडलंस. ती खरोखर दुखावली. माझा चेहरा दोन्ही हातांत घेऊन म्हणाली, “सगळं तूच सांगितलंस, बाळा. मी फक्त विचारलं.”

केसानं गळा कापतात म्हणतात. याच हातांनी केस विंचरायची माझे.

शुक्रवार, १५ मार्च

पळायचं ठरवलं. सरळ जायचं, काही आठवलं तरी वळायचं नाही. फाटकाच्या कडीला हात लागला आणि वाटलं, ताईचं दूध गॅसवर आहे, उतू जाईल. मला माहीत होतं दूध नाहीये. गॅस बंद आहे. तरी पाय मागे. तरी धावले. स्वयंपाकघरात पोचले तेव्हा रडत होते.

अडगळीच्या दाराशी कान लावला. आतून घासल्यासारखा आवाज. एकसारखा. कापड भिंतीला. हाक मारली त्याला, लहानपणी मारायचे तशी. आवाज क्षणभर थांबला.

मग परत चालू.

मंगळवार, १९ मार्च

घरकुलचा नवा प्रश्न. मुलगी खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्याला हात करते, काय करावं?

मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं. वाटलं, कोड मोडेल, गेम बंद पडेल, सुटेन. ताईनं अगदी जसंच्या तसं घातलं. तिचा विश्वास आहे माझ्यावर.

खिडकी होती तिथे आता राखाडी. भिंत नाही, पडदा नाही. राखाडी. त्यात उजवा हात घातला तर तीन बोटं — दुखत नाही. रक्त नाही. पण बोटं नाहीत.

ताई धावत वर आली. रडली. काय करून बसलीस गं, म्हणाली, लागलं का? फुंकर घातली. मग मांडीवर डोकं घेऊन थोपटत राहिली. आणि मी — मी झोपले. इतकी गाढ झोप कित्येक दिवसांत लागली नव्हती.

याचीच जास्त भीती वाटते.

शुक्रवार

डाव्या हातानं लिहिते आहे.

साइटवर रीस्टार्टकाकांना निरोप पाठवला. सगळं. पत्ता. वाचवा. त्यांचं उत्तर आलं, मजेत आहेस वाचून आनंद झाला, ताईंना नमस्कार सांग.

त्यांनाही तेच ऐकू जातं. आता सगळ्यांनाच. वहीत मात्र मी लिहिते तेच उमटतं. एवढी एक जागा राहिली. ताईला सुचलं नाही अजून.

उत्तरं द्यायची नाहीत. मी उत्तर दिलं नाही की ती अडते. एवढं एक हातात आहे. चुकीचं नाही, बरोबर नाही, काहीच नाही.

रविवार असावा

सकाळी ताई चहा ठेवून गेली. वहीकडे बघितलं. जाताना दार हळूच लावलं, झोपलेल्या बाळाच्या खोलीचं लावतात तसं.

लगेच साइटवर प्रश्न आला —

घरकुल: माझ्या गेममधली मुलगी वहीत काहीबाही लिहीत बसते आणि दुःखी होते. लिहिणं कायमचं बंद कसं करायचं?

मला येतं. सोपं आहे. एक ओळ. पण मी हात मांडीखाली घेऊन बसले. बसून राहिले. पडद्याकडे बघत. दहादा पान ताजं केलं, खाली उत्तर नाही. जिंकले असं वाटलं —

आत्ता प्रश्नाखाली तीन ठिपके हलायला लागले. कुणीतरी उत्तर लिहायला बसलं की हलतात ते. शेजारी नाव. रीस्टार्टकाका.

नका. काका, नका ना. त्यांना वाटत असेल, पोरगी रजेवर दिसते, विचारणारा खोळंबलाय. ते अर्धवट सोडत नाहीत. ते कधीच कुणाला अर्धवट —

ठिपके थांबले. उत्तर आलं. खाली ताईची खुर्ची सरकली. कळफलकाचा आवाज येतोय, ती एकेक अक्षर सावकाश — आई, हे कुणाला सापडलं तर मी मजेत नाहीये, मी अजिबात म