दोन सुयांचा ट्यूनर

आर्वी, दि. ७ सप्टेंबर २०२५

चि. रत्नदीप यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

पत्र पोचलं. आपलं फोनवरचं बोलणं बंद झाल्यापासून तुझं अक्षर सुधारलं आहे. माझ्या बहिरेपणाचा कुणाला तरी फायदा झाला.

उजवा कान तर गेलाच होता. आता डावाही चालला आहे. सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं की उरलंसुरलं थोपवता येणार नाही. किती दिवस, तेही सांगता येत नाही. कानात यंत्र लावलं की कांताच्या बोलण्यापेक्षा तिची भांडीच जास्त ऐकू येतात. समोरच्याचे ओठ हलतात आणि नुसती गुणगुण येते. त्यामुळे मेघाची शाळेतली पाटी माळ्यावरून काढली आहे. घरातले मला काय सांगायचं ते तिच्यावर लिहितात.

पण हेडफोन डाव्या कानावर दाबला आणि आवाज अगदी स्वच्छ असला, तर शब्द अजून लागतात. घरातला रेडिओ इतका खरखरतो की त्यातून काही कळत नाही. मेघाला आपल्या भागातल्या त्या लहानशा एफएम केंद्रावर कार्यक्रम मिळाला आहे. २६ ऑक्टोबरपासून दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता, गावोगावच्या माणसांच्या मुलाखती. शाळेत ती भाषणं करायची तेव्हा मी एसटी डेपोत गाड्यांच्या वायरी जोडत असायचो. पोरीचं भाषण मी एकदाही ऐकलं नाही. ते केंद्र मोबाईलवर येत नाही. रेकॉर्ड करून आणते म्हणाली, तर मी नको म्हटलं. सगळे ऐकतील तेव्हाच मलाही ऐकायचं आहे. एकदा ऐकलं की कान गेला तरी चालेल. चालेल असं लिहितो आहे. चालणार नाही हे तुलाही माहीत आहे.

तुझ्या घरात बायकोपेक्षा जुने रेडिओ ट्यूनर जास्त, म्हणून तुला विचारतो. दोन पाहून ठेवले आहेत. एक नागपूरच्या जुन्या सामानवाल्याकडे, चांदीसारखा चकचकीत, जपानी, हिरवे आकडे उमटणारा. दुसरा वर्ध्याच्या कृष्णकांत सरांकडे, लाकडी पेटीचा, काट्यांचा, स्पीकर आतच असलेला. कोणता घेऊ? लवकर लिही. दिवस मोजके आहेत.

तुझा,
प्रेमदासभाऊ


पुणे, दि. १५ सप्टेंबर २०२५

आदरणीय भाऊ यांस,
सा. जयभीम वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटलं, आणि बायकोचा उल्लेख वाचून तिला हसू आलं. मोजून सांगते म्हणाली.

चांदीवाल्याच्या नादी लागू नका. तो जपानातल्या घरांसाठी बनलेला असणार. त्यांचा एफएमचा पट्टा नव्वदवर संपतो आणि मेघाचं केंद्र नव्वदच्या पुढे आहे. कितीही देखणा असला तरी आपल्या उपयोगाचा नाही. कृष्णकांत सरांचाच घ्या. घेण्यापूर्वी मोठा नॉब जोरात फिरवून सोडून द्या. काटा आपल्या वजनानं डायलवर पळत गेला पाहिजे. मध्येच अडखळला तर आतली दोरी सुटत आली समजा. मागच्या, एरियलची वायर जोडायच्या स्क्रूंवर गंज नको. गच्चीवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचं एरियल बांधा आणि त्याचं तोंड केंद्राकडे करा. मागचं-बाजूचं काही येणार नाही, पण समोरचं धुतल्यासारखं येईल.

आता महत्त्वाचं. त्याच्यावर दोन सुया आहेत. एक लाट किती जोरात येते ते दाखवते, दुसरी बरोबर मध्यावर उभी राहिली म्हणजे केंद्र अचूक लागलं. भाऊ, तुम्ही कानानं लावायला जाऊ नका. कान आता तुम्हाला फसवेल, सुई फसवणार नाही. आणि म्यूटिंगची खटकी कायम चालू ठेवा, म्हणजे दोन केंद्रांमधली खरखर कानावर आदळणार नाही. आहे तो कान जपला पाहिजे.

तब्येतीला जपा, आणि माझ्यावरची माया आहे तशीच असू द्या.

आपला,
रत्नदीप


आर्वी, दि. ५ ऑक्टोबर २०२५

चि. रत्नदीप यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

घेतला! कृष्णकांत सरांच्या पत्नी लीनाताईंनी त्याच्यावर फुलदाणी ठेवली होती, ती उचलून दिली. मी एसटीत मांडीवर घेऊन आलो. कंडक्टर आपल्याच डेपोचा. त्यानं तिकीट पेटीचंही फाडू का असं खुणेनं विचारलं.

काय वस्तू आहे रे! नॉबला बोट लावलं की हाताला वजन जाणवतं. दिवा पिवळा, डायलवरचे आकडे त्यात तरंगल्यासारखे दिसतात. तू लिहिलंस तसंच केलं. सुई मध्यावर आणली, हेडफोन घातला, आणि रत्नदीप, मला 'सोयाबीन' हा शब्द ऐकू आला. पूर्ण. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. मी मोठ्यानं ओरडलो म्हणे. कांता धावत आली, तिला वाटलं शॉक लागला.

हेडफोन लावला की स्पीकर बंद होतो, त्यामुळे मी एकटाच ऐकतो आणि कांता नाक मुरडते. काऊन जी, मी का शेजारीण आहे का, असं तिनं पाटीवर लिहिलं. रोज दुपारी एक तास लावतो, जास्त नाही. कान पुरवून वापरतो आहे. २६ तारखेपर्यंत पुरावा एवढंच.

तू मुलाकडे बंगळुरूला जाणार होतास, जाऊन ये. सुनेला आशीर्वाद सांग.

तुझा,
प्रेमदासभाऊ


आर्वी, दि. १८ ऑक्टोबर २०२५

चि. रत्नदीप यास,
जयभीम वि. वि.

संपलं. काल, शुक्रवारी, चार वाजता ट्यूनर लावला. एक सुई पूर्ण वर, दुसरी बरोबर मध्यावर. एवढी स्थिर ती कधीच उभी राहिली नव्हती. आणि कानात काही नाही. खरखर नाही, गुणगुण नाही. आवाज शेवटपर्यंत वाढवला. वायर काढून पुन्हा लावली. तासभर बसलो. सुई हलली नाही आणि मला काही ऐकू आलं नाही. तू लिहिलंच होतंस, सुई फसवत नाही म्हणून. म्हणजे जे गेलं ते माझंच.

आज सकाळी पुन्हा लावून बघण्याची हिंमत झाली नाही. एकच गोष्ट दोनदा कशाला ऐकायची.

ट्यूनर तुझ्या पत्त्यावर ट्रान्सपोर्टनं पाठवतो आहे. तू परत येईपर्यंत शेजारी ठेवून घेतील. हे पत्र त्याच खोक्यात आहे. घरात तो डोळ्यांसमोर नको. कांता रडली. मी नाही रडलो; मला वाटतं रडायलाही आपला आवाज आपल्याला ऐकू यावा लागतो.

मेघाचा कार्यक्रम आठ दिवसांवर आहे. मी अंगणात बसेन.

तुझा,
प्रेमदासभाऊ


पुणे, दि. १० नोव्हेंबर २०२५

आदरणीय भाऊ यांस,
सा. जयभीम वि. वि.

परवा बंगळुरूहून आलो आणि काल शेजाऱ्यांकडचं खोकं उघडलं. तुमचं पत्र वाचलं, ट्यूनर लावला. उत्तम वाजतो. मग तुम्ही लिहिलेली ती स्थिर सुई डोक्यातून जाईना. मेघाला फोन करून विचारलं, १७ तारखेला दुपारी केंद्रावर काय चाललं होतं.

भाऊ, त्या दिवशी साडेतीनपासून सव्वापाचपर्यंत त्यांच्या स्टुडिओतून मनोऱ्याकडे जाणारी जोडणी तुटली होती. मनोरा चालू होता, पण त्यातून रिकामी लाट जात होती. बोलणं नाही, गाणं नाही. सुई लाट मोजते. लाटेत आवाज आहे की नाही हे सुईला कळत नाही. त्या तासात ते केंद्र साऱ्या जिल्ह्यात कुणालाच ऐकू आलं नाही. तुमचा कान तेव्हा शाबूत होता.

म्यूटिंगची खटकी बंद असती तर नॉब फिरवताना खरखर ऐकू आली असती आणि तुम्हाला लगेच कळलं असतं. खटकी चालू ठेवा असं मीच लिहिलं. कानापेक्षा सुईवर विश्वास ठेवा, हेही मीच लिहिलं. त्या संध्याकाळी मेघानं घरी येऊन वहिनीला हा सगळा घोटाळा सांगितला होता म्हणे. तुम्ही समोरच बसला होतात. पाटीवर कुणी लिहिलं नाही. केंद्र तासभर बंद पडलं, यात लिहिण्यासारखं काय आहे असं त्यांना वाटलं असेल.

तुम्ही २६ तारखेला अंगणात बसला होतात तेव्हा मेघा तुम्हाला ऐकू आली असती. हे वाक्य मी चार वेळा खोडलं, पण तुमच्यापासून लपवणं जमत नाही. मला शिकवलंत ते तुम्ही, हॉस्टेलला डबे पोचवलेत ते तुम्ही, आणि मी तुमचं हे असं करून ठेवलं.

ट्यूनरचा सैल झालेला प्लग बदलून उलट टपाली पाठवतो आहे. कृपा करून लगेच लावा. रागावायचं असेल तर रागवा, पण पत्र बंद करू नका.

आपला अपराधी,
रत्नदीप


आर्वी, दि. २४ नोव्हेंबर २०२५

चि. रत्नदीप यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

अपराधी काय लिहितोस, वेडा आहेस का? ट्यूनर सुखरूप पोचला. काल रविवारी पाचला लावला. सुई मध्यावर, हेडफोन डाव्या कानावर, आणि मेघा! अगदी समोर बसून बोलावं तशी. गिरडच्या तानबा नावाच्या म्हाताऱ्याची मुलाखत होती. दर्ग्याच्या टेकडीवर तो चाळीस वर्षं पाणी भरत होता. बोलता बोलता मध्येच त्याला खोकला आला, तोसुद्धा ऐकू आला. मेघानं त्याला पाणी दिलं आणि घाई नाही, बाबा, सावकाश सांगा म्हणाली. पोरीचा आवाज माझ्या आईवर गेला आहे.

तेव्हा आता मनाला लावून घेऊ नकोस. पहिला कार्यक्रम चुकला तर चुकला. पुष्कळ रविवार आहेत. तुझ्या बायकोनं ट्यूनर मोजले का ते कळव, आणि नीट जेवत जा.

तुझा,
प्रेमदासभाऊ


आर्वी, दि. २४ नोव्हेंबर २०२५

रत्नदीपभाऊजी यांस,
कांताचा सप्रेम जयभीम.

यांचं पत्र मीच पोस्टात टाकणार आहे. हे वेगळ्या पाकिटात टाकते. यांना कळू देऊ नका.

यांना काही ऐकू आलं नाही. ट्यूनर शनिवारी आला तेव्हा यांनी तुमचं पत्र तीन वेळा वाचलं आणि दाढी केली. तुमच्या मनाला लागेल हे माहीत आहे, पण खरं सांगते. त्या दिवशी मला तुमचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. मेघानं सांगितलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. हात धुऊन दोन ओळी लिहायचा मला कंटाळा आला, आणि यांनी कान गेला म्हटलं तेव्हा त्याचा याच्याशी संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही.

काल पाचच्या आधीच हे हेडफोन घालून बसले. सुई मध्यावर. मी पाटीवर लिहिलं, सुरू झालं. यांनी मान हलवली. थोड्या वेळानं मलाच विचारलं, सुरू झालं का म्हणून. मी हेडफोनची वायर उपसली. स्पीकरमधून मेघाचा आवाज साऱ्या घरात भरला, शेजारच्या आनंदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हे रिकामा हेडफोन कानाला लावून सुईकडे बघत राहिले. मधल्या महिन्यात जे उरलं होतं तेही गेलं. तेवढे दिवस यांच्याजवळ होते.

मग मी पाटीवर लिहीत गेले, ती काय बोलते आहे ते. पाटी पुरेना, वही घेतली. तानबाचा खोकला मीच लिहिला. पाणी दिल्याचं मीच लिहिलं. आईसारखा आवाज आहे, हे मात्र यांनी आपल्या मनानं लिहिलं. तो आवाज यांनी कधी ऐकला, मला माहीत नाही.

मेघा घरी आली तर यांनी तिला तानबाचं सगळं बोलून दाखवलं. ती नाचायचीच बाकी होती. तिला मी काही सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून यांनी ते पत्र लिहिलं आहे, तर तुम्ही खूश होऊनच उत्तर पाठवा. कार्यक्रमाबद्दल जरूर विचारा, हे वाट पाहतील. फक्त काय विचारणार ते आठ दिवस आधी मला कळवा, म्हणजे यांनी काय ऐकलं ते मला यांना लिहून देता येईल.

तुमचा जीव आमच्यात असू द्या, दुसरं काही मागत नाही.

तुमची,
कांतावहिनी